पुढचं लॉक की मागचं? गटाची गाडी घेण्याआधी



आजचा विषय जरा वेगळा आहे. लोणची-पापड नाहीत, बचतीचं रजिस्टरही नाही. आज आपण गाडीच्या चाकांबद्दल बोलणार आहोत. चिखलात, नाल्यात, घाटाच्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या फोर बाय फोर पिकअपला एक सोय असते, तिला डिफरन्शियल लॉक म्हणतात. मेस्त्री लोक नुसतं ‘डिफ लॉक’ म्हणतात. ते पुढच्या चाकांना असावं की मागच्या, हा आजचा प्रश्न.

तुम्ही म्हणाल, हे आमच्या काय कामाचं? सांगते. सहयोगिनी म्हणून मी ज्या गावांत फिरते, तिथल्या एका ग्रामसंघाने जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायचं ठरवलं. डोंगरातले तीन पाडे, कच्चा रस्ता, रोजचं दूध, हंगामात नागली, वरई आणि भाजीपाला. पावसाळ्यात साधी गाडी वर येत नाही आणि दूध जागेवर नासतं. गाडी दाखवणारा म्हणाला, “मागे लॉक टाकून देतो.” ज्याला ड्रायव्हर म्हणून ठेवायचं होतं तो म्हणाला, “मागचं काय करायचंय, पुढे टाका.” तिसरा म्हणाला, “दोन्हीकडे टाका, कटकट नको.” बैठकीत एक मावशी हळूच म्हणाल्या, “ताई, लॉक म्हणजे दाराचं का गं?” सगळ्या हसल्या, पण प्रश्न बरोबर होता. कर्जाच्या कागदावर अंगठा आणि सही आपली, हप्ता आपला, आणि ज्या वस्तूवर पैसे जाणार ती काय आहे हेच आपल्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

गटांच्या हातात आता गाड्या येऊ लागल्या आहेत. केंद्र सरकारने 2017 साली आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली, ती बचत गटातल्या बायकांनी खेड्यापाड्यांत प्रवासी गाड्या चालवाव्यात म्हणूनच. मालाच्या गाड्या तर कितीतरी गट स्वतःच्या बळावर घेतात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या. अवघड वाटतो, पण आपल्या शेतातल्याच उदाहरणांनी समजतो.

डिफरन्शियल म्हणजे काय

पूर्वी खळ्यावर मळणीला बैलांची पात फिरायची, आठवतं ना? मधल्या तिवड्याजवळचा बैल सावकाश, जवळजवळ जागच्या जागी फिरायचा. कडेच्या बैलाला मात्र भराभर चालावं लागायचं. दोघं एका पातीत, पण आतल्याचा फेरा लहान आणि बाहेरच्याचा मोठा.

गाडी वळते तेव्हा चाकांचं असंच होतं. वळणाच्या आतल्या बाजूचं चाक कमी अंतर चालतं, बाहेरचं जास्त. समजा दोन चाकांमध्ये 5 फूट अंतर आहे. गाडीने एक पूर्ण गोल फेरा मारला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ 31 फूट जास्त चालतं. साध्या काटकोनी वळणातही 8 फुटांचा फरक पडतो. दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्याला घट्ट बसवली असती, तर वळताना एक चाक रस्त्यावर घासत गेलं असतं. टायर झिजले असते, दांडा पिळला गेला असता.

यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल. गाडीखाली वाकून मागे बघितलंत, तर दोन चाकांच्या मधोमध कलिंगडासारखा फुगलेला लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या आत दात्यांची चक्रं असतात. इंजिनाकडून आलेली ताकद ती दोन्ही चाकांना वाटून देतात आणि वळताना एका चाकाला हळू, दुसऱ्याला जोरात फिरू देतात. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर नावाच्या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने सुमारे दोनशे वर्षांपूर्वी वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती नोंदवली. आजही जवळजवळ प्रत्येक चारचाकीत तीच आहे.

साध्या पिकअपमध्ये असा एकच गोळा असतो, मागे. फोर बाय फोर गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही जाते, म्हणून पुढेही एक गोळा असतो.

मग गाडी फसते का?

आता बैलगाडीचं जू डोळ्यासमोर आणा. समजा हे जू मधोमध एका खुंटीवर सैल फिरतं आहे. दोन्ही बैल सारखे ओढतात तोवर जू सरळ राहतं आणि गाडी चालते. पण एका बैलाचे पाय चिखलात घसरले तर? जू त्याच्या बाजूने मागे फिरतं. दुसरा बैल कितीही दणकट असो, त्याची ओढ वाया जाते. घसरणारा बैल जेवढं ओढतो, तेवढाच उपयोग दुसऱ्याचाही होतो.

डिफरन्शियलची खोड हीच आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, ते गरगर फिरतं. दुसरं चाक कोरड्या दगडावर आहे, त्याला पकड आहे, पण त्याच्यापर्यंतही तेवढाच थोडा जोर पोचतो. म्हणून एक चाक चिखल उडवत फिरतं आणि दुसरं ढिम्म उभं. ड्रायव्हर जेवढा ॲक्सिलेटर दाबतो, तेवढं फिरणारं चाक खोल जातं.

फोर बाय फोर असली तरी ही खोड सुटत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढे-मागे ताकद जाते खरी, पण पुढच्या जोडीत एक चाक घसरलं आणि मागच्या जोडीतलंही एक घसरलं, की चारपैकी दोन चाकं पक्क्या जमिनीवर असूनही गाडी जागची हलत नाही. नाल्यात तिरकी उतरलेली गाडी बघा. पुढचं डावं चाक अधांतरी, मागचं उजवं अधांतरी, आणि गाडी अडकलेली.

लॉक म्हणजे त्या सैल जुवाला दोरखंडाने घट्ट बांधून टाकणं. मग एक बैल घसरला तरी दुसऱ्याची सगळी ओढ गाडीला मिळते. लॉक लावलं की त्या जोडीतली दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. एक हवेत असलं तरी दुसरं जमिनीला धरून गाडी पुढे ढकलतं.

पण जू बांधलेली बैलजोडी नीट वळेल का? नाही वळणार. तसंच लॉक लावलेली गाडीही नीट वळत नाही. लॉकची सगळी गुंतागुंत इथे आहे.

मागचं लॉक: भरलेल्या गाडीसाठी

चाकाला जमिनीवर पकड कशाने मिळते? मुख्यतः त्याच्यावर पडणाऱ्या वजनाने. मग आपण विचारायचं, आपल्या गाडीचं वजन कोणत्या चाकांवर असतं?

रिकामी पिकअप पुढून जड असते, कारण इंजिन पुढे आहे. माल मात्र मागे भरला जातो. समजण्यासाठी आकडे धरू. रिकाम्या गाडीचं पुढच्या चाकांवर 1000 किलो आणि मागच्यांवर 800 किलो वजन आहे. मागे 900 किलो दुधाचे कॅन आणि भाजीचे क्रेट चढवले, की ते बहुतेक मागच्या चाकांवर येतं. म्हणजे मागे 1700 किलोच्या आसपास, पुढे तेवढंच 1000. त्यातून गाडी चढाला लागली की वजन आणखी मागे सरकतं. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढताना आपण पुढे वाकतो ना? गाडीला वाकता येत नाही, तिचा भार मागच्या पायांवरच येतो.

म्हणजे माल भरून चढ चढताना सगळ्यात जास्त पकड मागच्या चाकांना असते. लॉक तिथेच असेल तर त्या पकडीचा पूर्ण उपयोग होतो. हे पहिलं कारण.

दुसरं कारण स्टिअरिंगचं. दिशा पुढची चाकं देतात. मागे लॉक लावलं तर गाडी वळायला थोडी आडमुठी होते, पण पुढची चाकं मोकळी असल्यामुळे ड्रायव्हरला ती सांभाळता येते.

तिसरं कारण मजबुतीचं. मागच्या चाकांचे दांडे सरळ आणि जाड असतात. पुढच्या चाकांना वळायचं असतं, म्हणून त्यांच्या दांड्यांना सांधे असतात. आपल्या मनगटासारखे. वळलेल्या मनगटाने जड बादली उचलली तर काय होतं? तसंच पुढचं लॉक लावून, स्टिअरिंग पूर्ण फिरवून जोर दिला तर हे सांधे तुटू शकतात. डोंगरात सांधा तुटला की गाडी तिथेच, आणि खर्च वेगळाच.

कंपन्याही बहुधा असाच विचार करतात. महिंद्राच्या थारच्या काही मॉडेलना मागे लॉक येतं. टोयोटाच्या हायलक्स पिकअपलाही मागेच आहे. फोर्सच्या गुरखा गाडीला मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे येतं. म्हणजे एकच लॉक द्यायचं असेल तेव्हा ते मागे दिलं जातं. या गाड्या आपल्या गटाने घ्याव्यात असं मी सांगत नाही. फक्त प्राधान्य कशाला असतं ते लक्षात यावं.

पुढच्या लॉकच्या बाजूने

म्हणजे त्या ड्रायव्हरचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं का? तसंही नाही. पुढच्या लॉकचेही खरे फायदे आहेत.

एक, गाडी बहुतेक वेळा रिकामी चालत असेल, तर वजन पुढे असतं आणि पुढच्या चाकांची पकडच जास्त उपयोगी पडते. दोन, वाटेत मोठे दगड किंवा पायरीसारखा कडा असेल, तर आधी पुढच्या चाकांना त्यावर चढावं लागतं. दोन्ही पुढची चाकं ओढत असतील तर गाडीचं नाक वर येतं. तीन, ओल्या, आडव्या उतारावर मागचं लॉक उलटंही पडू शकतं. ते कसं, बघा. लॉक नसताना मागचं एक चाक घसरतं तेव्हा दुसरं उभं राहतं आणि खुंट्यासारखं गाडीची मागची बाजू धरून ठेवतं. लॉक असताना दोन्ही चाकं एकदम घसरतात, आणि गाडीची शेपूट दरीच्या बाजूला सरकते. अशा जागी मागचं लॉक सोडून, अगदी हळू जायचं असतं.

तोटे आपण पाहिले. स्टिअरिंग इतकं जड होतं की गाडी सरळच जाऊ बघते. सांधे कमजोर असतात. आणि पुढचं लॉक फोर बाय फोर चालू असेल तेव्हाच काम करतं. साध्या, फक्त मागच्या चाकांनी चालणाऱ्या पिकअपला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. कोणी साध्या पिकअपला पुढे लॉक लावून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग निष्कर्ष काय? माल भरून चढ-उतार करणारी गाडी असेल आणि पैसे एकाच लॉकपुरते असतील, तर मागचं. दगडधोंड्यांत रोजच चढावं लागत असेल, मागचं लॉक असूनही गाडी अडकते असा अनुभव असेल आणि ड्रायव्हर तयारीचा असेल, तर पुढच्याचा विचार नंतर करावा. दोन्ही एकदम घ्यायची गरज दूध-भाजीच्या गाडीला क्वचितच पडते.

लॉकचे प्रकार

मागचं ठरलं तरी प्रश्न संपत नाही. कोणत्या प्रकारचं?

एक प्रकार ड्रायव्हरने लावायचा आणि सोडायचा. कुठे दांडी ओढून, कुठे बटण दाबून विजेवर, कुठे छोट्या कॉम्प्रेसरच्या हवेवर. हवं तेव्हा लावता येतं, नको तेव्हा गाडी नेहमीसारखी चालते. याला काळजी मात्र लागते. वायर तुटली, हवेची नळी फुटली की लॉक लागत नाही.

दुसरा प्रकार आपोआप लागणारा. चाक घसरलं की आतली यंत्रणा स्वतःच पकडते. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही, पण काही आपोआप लॉक वळणावर खडखडतात, गाडीला हिसका देतात. ओल्या घाटात नवख्या ड्रायव्हरला हे धोक्याचं आहे.

तिसरी सोय नव्या गाड्यांत असते. घसरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. हे खरं लॉक नव्हे, पण हलक्या चिखलात चांगलं काम करतं.

गटाच्या गाडीवर ड्रायव्हर बदलत राहतात. म्हणून माझं मत, हाताने लावायचं आणि सोडायचं लॉक घ्यावं, ज्याचा दिवा समोर पेटतो. दिवा दिसला की लॉक चालू आहे हे शेजारी बसलेल्या बाईलाही कळतं.

जुनी गाडी बघताना फसू नका

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जुन्या फोर बाय फोर गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मधोमध एक फिरवायची चकती असते. तिच्यावर ‘लॉक’ आणि ‘फ्री’ लिहिलेलं असतं. ते हब लॉक. ते फक्त पुढची चाकं दांड्याला जोडतं किंवा सोडतं. डिफ लॉकशी त्याचा संबंध नाही. विकणारा ती चकती दाखवून “पुढे लॉक आहे” म्हणाला, तर विचारा, हबचं लॉक की डिफरन्शियलचं? तसंच गिअरच्या दांडीजवळ ‘4 एल’ लिहिलेलं असतं, तो जड चढासाठीचा हळू गिअर. तोही डिफ लॉक नव्हे.

खरं तपासायचं तर आपल्या विश्वासाच्या मेस्त्रीकडून असं करून घ्या. गाडी सपाट, पक्क्या जागेवर. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची ओट. मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून मजबूत स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर भरवसा नको आणि गाडीखाली कोणी शिरायचं नाही. आता हँडब्रेक सोडून एक चाक हाताने फिरवायचं. लॉक सोडलेलं असेल तर दुसरं चाक बहुधा उलट्या दिशेने फिरतं. लॉक लावलं असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात. लॉक लावूनही चाकं उलटसुलट फिरली, तर लॉक बंद पडलेलं आहे किंवा मुळात नाहीच.

आणखी एक. बाहेरून लॉक बसवून घेणार असाल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई आहे. विम्याच्या कंपनीलाही लेखी कळवा. नाहीतर अपघातानंतर कागद काढून बसायची वेळ येते.

आधी टायर, मग लॉक

लॉकवर पैसे घालण्याआधी स्वस्तातले उपाय करून बघा. गुळगुळीत टायरला लॉक लावणं म्हणजे झिजलेल्या चपलेला घुंगरू बांधणं. खोल नक्षीचे चांगले टायर बसवा. खूप चिखलात टायरची हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. याला पैसे लागत नाहीत. पण किती कमी करायची हे मेस्त्रीकडून शिकून घ्या आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरा. भरलेली गाडी कमी हवेवर पळवली तर टायर तापून फुटतो. गाडीत एक फावडं, दोन जाड फळ्या, ओढायचा पट्टा आणि हवेचा पंप कायम ठेवा. माल मागच्या फाळक्याला टेकवून रचू नका, मागच्या चाकांच्या वर आणि थोडा पुढे येईल असा रचा. पुढची चाकं फार हलकी झाली तर स्टिअरिंग धरत नाही.

आपल्या गाडीचं वजन खरंच कुठे पडतं हे बघायचं असेल तर जवळच्या वजनकाट्यावर जा. साखर कारखान्याचा असो की बाजार समितीचा. आधी पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून करा. वजाबाकी केली की मागचं वजन मिळतं. रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही वेळी करा. हा कागद बैठकीत ठेवला की “मला वाटतं” वाली अर्धी भांडणं मिटतात.

मग पैशाचा हिशेब. समजा पावसाळ्यात गाडी 12 वेळा फसते. दर वेळी ट्रॅक्टरने ओढून काढायला 800 रुपये जातात. म्हणजे 9,600 रुपये. त्यात नासलेलं दूध आणि बुडालेली फेरी मिळवा, समजा आणखी 10,000. म्हणजे वर्षाला 19,600. हे आकडे मी उदाहरणाला धरले आहेत, तुमचे तुम्ही लिहा. लॉकची, बसवण्याची आणि देखभालीची मिळून जी किंमत येईल, तिला या रकमेने भागा. जेवढी वर्षं येतील, तेवढ्या वर्षांत पैसे वसूल होतात. दोन वर्षं आली तर विचार करण्यासारखं. आठ वर्षं आली तर तेच पैसे टायरवर, किंवा रस्त्यावरची दोन वाईट ठिकाणं मुरूम टाकून भरून घेण्यावर खर्च करा. किंमत एकाच ठिकाणी विचारू नका. तीन दरपत्रकं घ्या आणि सुटे भाग कुठे मिळतात तेही लिहून घ्या.

लॉक कसं वापरायचं

हे नियम ड्रायव्हरला तोंडपाठ हवेत, आणि आपल्यालाही.

लॉक वाईट जागा येण्याआधी लावायचं, फसल्यावर नव्हे. चाक जोरात गरगरत असताना तर कधीच नाही. आतले दाते तुटतात. आधी चाक थांबवायचं, मग लॉक लावायचं. लॉक लावून सरळ जायचं, खालच्या गिअरमध्ये, हळू. वाईट जागा संपली की लगेच सोडायचं. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर लॉक लावून चालवायचं नाही. वळणावर गाडी वळत नाही, आणि घाटात वळली नाही तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

लॉक असलं म्हणून फरशी पुलावरच्या पाण्यात गाडी घालायची नाही. दोन फूट वाहतं पाणीसुद्धा गाडी वाहून नेऊ शकतं. पाण्याने गाडी उचलली की लॉक पुढचं असो की मागचं, चाकाखाली जमीनच राहत नाही. त्या दिवशी दूध नासलं तर नासू द्या.

आणि मालाच्या गाडीत मागे भाड्याने माणसं बसवायची नाहीत. बाजारला जायला सोय होते म्हणून आपल्याच बाया चढतात. ते कायद्यात बसत नाही, आणि काही झालं तर विम्याचे पैसे मिळायला अडचण येते. गाडी गटाची असली की जबाबदारीही गटावर येते.

ट्रॅक्टरबद्दल दोन शब्द

पिकअप नसली तरी ट्रॅक्टर आपल्या सगळ्यांच्या गावात आहे. बहुतेक ट्रॅक्टरना मागच्या चाकांचं डिफ लॉक असतंच. सीटच्या खाली, टाचेजवळ छोटं पेडल असतं. पुष्कळ जण ते कधी वापरत नाहीत, किंवा वापरून सोडायचं विसरतात. नियम तेच. चाक गरगरत असेल तर आधी क्लच दाबा, मग पेडल. वळायच्या आधी सोडा. पेडल सोडूनही लॉक सुटलं नाही, तर ट्रॅक्टर वळवू नका, आधी ते सोडवून घ्या.

एक गोष्ट मात्र घरी जाऊन नक्की सांगा. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका किंवा लाकूड साखळीने बांधून तो काढायचा प्रयत्न करतात. हे जीवघेणं आहे. चाकाला फिरायला जागा उरली नाही, की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ट्रॉली किंवा साखळी ओढायलाही खालचा हूकच वापरायचा. वरच्या पिनला साखळी अडकवली तरी असंच उलटण्याचं भय असतं. रुतलेला ट्रॅक्टर माती उकरून, उलट्या गिअरमध्ये हळू मागे घेऊन, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढायचा.

बैठकीत विचारायचे प्रश्न

गाडीचा ठराव करण्याआधी हे प्रश्न रजिस्टरमध्ये लिहा आणि उत्तरंही लिहा.

1. आपली गाडी जास्त वेळ भरलेली चालते की रिकामी?
2. रस्त्यावर नेमक्या किती जागा वाईट आहेत? चिखल, दगड की आडवा उतार?
3. गाडी खरंच फोर बाय फोर आहे का? चालवून बघितली का?
4. लॉक आहे म्हणतात ते हबचं की डिफरन्शियलचं? चाकं उचलून तपासलं का?
5. टायर कसे आहेत?
6. लॉक बिघडलं तर जवळ दुरुस्त करणारा आहे का?
7. आरटीओ आणि विमा, दोन्हीकडे विचारलं का?
8. ड्रायव्हरला लॉक वापरता येतं का? आपल्यासमोर वापरून दाखवलं का?

ज्या ग्रामसंघाचं मी सुरुवातीला सांगितलं, तिथल्या बायकांनी हे प्रश्न विचारले तेव्हा विकणाऱ्याला दोन वेळा मेस्त्रीला फोन लावावा लागला. त्यांनी आधी नवे टायर मागून घेतले आणि मागच्या लॉकचा निर्णय एक पावसाळा बघून करायचं ठरवलं. तुमच्या रस्त्याला कदाचित वेगळं उत्तर येईल. येऊ दे. फक्त ते तुमच्या बैठकीत, तुमच्या हिशेबावरून आलेलं असू दे.

पुढच्या महिन्यात गाडीच्या विम्याचा कागद कसा वाचायचा ते बघू. तोपर्यंत तुमच्या गाडीच्या, नाहीतर शेजारच्या ट्रॅक्टरच्या मागे वाकून तो गोळा एकदा बघून ठेवा.